केळं देण्याआधी

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते डॉक्टर आयुष्यभर गुरांच्या दवाखान्यात राबले. जनावर आजारी असल्याचा निरोप आला की गोठ्यात शिरल्यावर ते आधी गव्हाणीत हात घालत आणि मग जनावराकडे वळत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. मी आजचा विषय कळवला तेव्हा आयोजकांना तो जरा विचित्र वाटला असावा. डिंक खाणारी इवलीशी माकडं आणि त्यांना पिंजऱ्यात काय खाऊ घालावं, यावर माणूस तासभर काय बोलणार? पण निदान गव्हाणीपासून सुरू करायची ती शिस्त या प्राण्यांना फार लागू पडते. ती न पाळल्यामुळे त्यांचे हालही फार झालेत.

प्राणी कोणते ते आधी सांगतो. सर्वांत माहितीची म्हणजे दक्षिण अमेरिकेतली मार्मोसेट. ब्राझीलच्या ईशान्येकडचं साधं मार्मोसेट तीन-साडेतीनशे ग्रॅमचं, कानांशी पांढऱ्या केसांचे झुपके असलेलं. ॲमेझॉनच्या पश्चिम भागातलं त्याचं धाकटं भावंड म्हणजे पिग्मी मार्मोसेट. पूर्ण वाढ झालेलं जनावर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतं. आपल्या बाजूला, ईशान्य भारतापासून जावा बेटापर्यंत, स्लो लोरिस आढळतं: रात्री हिंडणारं, बटबटीत डोळ्यांचं, संथ. आफ्रिकेत गॅलेगो, ज्याला बुशबेबी म्हणतात. मादागास्करमध्ये फॅनर नावाचा लेमूर. ही सगळी एकमेकांची जवळची नातलग नाहीत. मार्मोसेट हे खरं माकड. लोरिस, गॅलेगो आणि लेमूर यांची शाखा माकडांपासून कितीतरी आधी फुटली. तरीही सालीतून पाझरणारा डिंक या सगळ्यांनी आपापल्या खंडात, एकमेकांचं न बघता, अन्न म्हणून धरला.

पडद्यावर आता मार्मोसेटचा खालचा जबडा दिसतो आहे. पुढचे पटाशीचे दात बघा. आपल्यात सुळा उंच आणि पटाशीचे दात त्याच्याहून आखूड. इथे दोन्ही जवळपास एका उंचीचे आहेत. या पटाशीच्या दातांच्या बाहेरच्या बाजूला एनॅमलचा जाड थर आहे, आतल्या बाजूला तो नाही. त्यामुळे आतली बाजू आधी झिजते, बाहेरची धार कायम राहते आणि दात वापरता वापरता स्वतःला पाजळत जातो. उंदीर-खारींच्या दातांत हीच युक्ती आहे. आता हातापायांकडे बघा. अंगठ्याचा अपवाद सोडला तर पायाच्या बोटांना, आणि हाताच्या सगळ्याच बोटांना, नख्या आहेत. आपल्यासारखी चपटी नखं नाहीत. उभ्या खोडाला नख्या रोवून चिकटायचं, वरचे दात सालीत रुतवून खालच्या दातांनी साल खरवडायची, भोक पाडायचं आणि झाडानं जखम भरायला डिंक सोडला की तो चाटायचा, यासाठी हे शरीर घडलंय. पिग्मी मार्मोसेटचा एखादा कळप ज्या झाडावर महिनोन्‌महिने राहतो त्याचं खोड अशा शेकडो भोकांनी चाळणीसारखं होतं. झाड आटलं की कळप दुसरीकडे जातो. या कळपाचा सगळा मुलूख बहुधा अर्ध्या हेक्टरच्या आतलाच असतो.

हा जबडा युरोपातल्या संग्रहालयांत केव्हापासून होता. पोर्तुगीज जहाजांतून मार्मोसेट सोळाव्या शतकापासून युरोपात येत होती, सरदारघराण्यांतल्या बायका ती अंगाखांद्यावर खेळवत होत्या. लिनियसनं साध्या मार्मोसेटला शास्त्रीय नाव दिलं ते 1758 साली. आणि मार्मोसेट झाडं कोरून डिंक खातात, हे त्यांच्या जगण्याचं मुख्य सूत्र म्हणून ठळकपणे मांडणारा, ब्राझीलचे आदेलमार कोइंब्रा-फिल्यो आणि अमेरिकेचे रसेल मिटरमायर यांचा ‘नेचर’मधला लेख आला तो 1976 साली. म्हणजे साडेतीन-चारशे वर्षं या प्राण्यांना माणसाच्या घरात काय दिलं गेलं? फळं, पाव, दूध, बिस्किटं, मध. माकड आहे ना, मग फळंच खाणार! दात समोर होते, बघणाऱ्यानं तोंडाचा गोंडसपणा बघितला.

आता डिंकाविषयी. झाडातून येणाऱ्या सगळ्याच चिकट गोष्टी सारख्या नसतात, हे इथे बसलेल्या शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. चीक वेगळा, राळ वेगळी, डिंक वेगळा. राळ पाण्यात विरघळत नाही आणि बहुतेक प्राण्यांना ती नकोशी असते. बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक पाण्यात विरघळतो. तो म्हणजे मुळात साखरेच्या रेणूंच्या लांबलचक, फांद्या फुटलेल्या साखळ्या. गॅलॅक्टोज, अरॅबिनोज, ऱ्हॅम्नोज वगैरे. या साखळ्यांचे सांधे असे असतात की सस्तन प्राण्यांच्या पाचकरसांना ते तोडता येत नाहीत. तुम्ही-आम्ही हिवाळ्यात डिंकाचे लाडू खातो, बाळंतिणीला ते आवर्जून देतो. त्यातलं तूप, गूळ, खोबरं लहान आतड्यात पचतं, डिंक मात्र तसाच पुढे मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्याचा समाचार घेतात. मार्मोसेटनं याच व्यवस्थेचा कारखाना केला आहे. लहान आणि मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरचं अंधांत्र त्याच्यात मोठं असतं, डिंक तिथे थांबतो, जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून सुटणारी आम्लं रक्तात जाऊन ऊर्जा देतात. गाईच्या पोटात कडब्याचं जे होतं तेच इथे डिंकाचं होतं, फक्त दुसऱ्या टोकाला आणि सव्वाशे ग्रॅमच्या देहात.

अमेरिकेत मायकल पॉवर आणि ओलाव ऑफ्टेडाल यांनी 1990च्या दशकात मार्मोसेट आणि त्यांची नातलग तामरिन यांना नेहमीच्या आहारात डिंक मिसळून दिला आणि काय पचतं ते मोजलं. आकारानं सारखी दिसणारी ही जनावरं डिंकाच्या बाबतीत सारखी नव्हती. झाड कोरणाऱ्या मार्मोसेटना डिंक जास्त चांगला पेलला. तामरिनही डिंक खातात, पण झाडानं आपणहून सोडलेला किंवा किड्यांनी पाडलेल्या भोकातून आलेला. एकाच पिंजऱ्यांच्या रांगेत, एकाच पाटीखाली, एकाच ताटलीवर या दोघांना ठेवलं की गडबड सुरू होते.

डिंकाचं दुसरं मोल कॅल्शियमचं. अरबी डिंक, म्हणजे याच बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक, रासायनिकदृष्ट्या अरेबिक आम्लाचा कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांच्याबरोबरचा क्षार आहे. आणि या प्राण्यांचं दुसरं मोठं अन्न म्हणजे किडे: नाकतोडे, रातकिडे, अळ्या. किड्यांत प्रथिनं भरपूर, पण हाडांचा सांगाडाच नसल्यामुळे कॅल्शियम नगण्य आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. नुसते किडे खाणाऱ्या जनावराचं रक्त हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं. जंगलात डिंक ही तूट भरून काढतो. पिंजऱ्यात आपण डिंक काढून घेतला आणि त्याच्या जागी केळं ठेवलं. शंभर ग्रॅम केळ्यात कॅल्शियम 5 मिलिग्रॅम आणि फॉस्फरस 22. तूट होतीच, तिच्यात भर घातली. वर 12 ग्रॅम साखर, जिची त्या पोटाला सवय नाही.

त्यात काचेची भर पडली. दक्षिण अमेरिकेतल्या माकडांना ‘ड’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत एक अडचण आहे. वनस्पतिजन्य ड-2 त्यांना फारसं कामी येत नाही, ड-3 च लागतं, हे 1960च्या दशकात कळलं. आणि तेही इतर माकडांपेक्षा जास्त लागतं. या जीवनसत्त्वापासून शरीरात जे संप्रेरक बनतं त्याला त्यांच्या पेशी जरा बहिऱ्या असतात. उघड्यावर ऊन असतं तोवर हे खपून जातं. थंड देशात, बंद खोलीत, काचेमागे ठेवलं की संपलं, कारण खिडकीची काच उन्हातले ड-जीवनसत्त्व घडवणारे किरण अडवते. पूर्वीच्या प्राणिसंग्रहालयांत या माकडांचे मागचे पाय लुळे पडत, पाठ वाकत, जबडा मऊ होत जाई. लोक त्याला पिंजऱ्यातला पक्षाघात म्हणत. 1980च्या दशकात लॉस एंजेलिससारख्या उन्हाच्या गावातसुद्धा तिथल्या संग्रहालयातल्या एंपरर तामरिनना मुडदूस झाला होता, आणि त्यावरून डॉक्टरांना या संप्रेरकाच्या बहिरेपणाचा पुढचा उलगडा झाला. आज निदान हे शास्त्र पक्कं आहे: ड-3 असलेल्या तयार गोळ्या, अतिनील दिवे किंवा थेट ऊन, आणि किड्यांवर कॅल्शियमची भुकटी. जास्तीचं ड-3सुद्धा विषासारखं, म्हणून अंदाजपंचे देऊ नये.

‘झुरणारं मार्मोसेट’ या नावाचा एक रोगही पाठ्यपुस्तकांत आहे. खातंय पण वाळतंय, जुलाब, शेपटीचे केस जाताहेत, मांड्यांवर मांस नाही. याचं एकच कारण सापडलेलं नाही. बहुधा ते अनेक रोगांचं गाठोडं आहे. गव्हातल्या ग्लुटेनवर संशय घेतला गेला आणि काही वसाहतींत ग्लुटेन बंद केल्यावर जनावरं सुधारलीही. दुसरा गुन्हेगार स्वादुपिंडाच्या नळ्यांत राहणारा एक कृमी, आणि तो पोहोचतो झुरळामार्फत. पिंजऱ्यात शिरलेलं झुरळ माकडानं पकडून खाल्लं की रखवालदाराला कौतुक वाटतं. तेच झुरळ वाहक असतं.

खाऊ घालण्याच्या चांगल्या हेतूनं माकडं मारल्याची याहून वाईट गोष्ट आहे. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत मार्मोसेट आणि तामरिन एकाएकी यकृताच्या रोगानं मरू लागली. शोध घेता घेता धागा उंदरांपर्यंत गेला. प्रथिनं मिळावीत म्हणून या माकडांना उंदराची नवजात, गुलाबी पिल्लं दिली जात. त्या पिल्लांत उंदरांचा एक विषाणू होता, जो उंदराला फारसा जाचत नाही आणि या माकडांना मारतो. पिल्लं बंद केली, रोग थांबला.

आणि उष्ट्याबद्दल बोलायला हवं, कारण आपल्याकडे उष्टं देणं ही मायेची खूण आहे. आपल्या घासातला घास, अर्धं खाल्लेलं बिस्किट, चाटून दिलेला चमचा. माणसाच्या ओठावर ताप उतरताना जे फोड येतात ते हर्पीस सिंप्लेक्स विषाणूचे. आपल्याला चार दिवसांचा त्रास. मार्मोसेटला तो मेंदूपर्यंत जाऊन मारतो. मार्मोसेट पाळणाऱ्या कोणाशीही बोलायची वेळ आली तर मी आहाराच्या सगळ्या तक्त्यांआधी हेच सांगेन.

आता वेळेकडे येतो. मला आज मुख्यतः याच्याबद्दलच बोलायचं आहे. प्राणिसंग्रहालयातल्या आहाराची चर्चा ग्रॅम आणि टक्क्यांत होते. किती प्रथिनं, किती कॅलरी, कॅल्शियमचं प्रमाण काय. हे आवश्यकच आहे. पण डिंकखाऊंच्या बाबतीत तेवढं पुरत नाही, कारण जंगलात डिंक खाणं हे दिवसभराचं काम असतं. पिग्मी मार्मोसेटचा खाण्यातला बराचसा वेळ खोडावर जातो. भोक पाडलं की डिंक लगेच भळभळत नाही. तो हळूहळू जमतो. म्हणून कळप भोकांच्या फेऱ्या घालत राहतो, जुनी भोकं साफ करतो, नवी पाडतो. संध्याकाळी झोपायला जाण्याआधी कोरलेल्या भोकांत सकाळपर्यंत न्याहारी तयार असते. पिंजऱ्यात हीच ऊर्जा ताटलीतून पाच-दहा मिनिटांत पोटात जाते. उरलेले दहा-अकरा तास त्या दातांनी आणि त्या डोक्यानं काय करायचं? मग जाळी चावणं, स्वतःचे केस उपटणं, एकाच जागी गोल फिरणं. यावर आपण औषध शोधतो.

एखार्ड हायमान आणि अँड्र्यू स्मिथ यांनी 1999 मध्ये रानातल्या तामरिनचं निरीक्षण मांडलं. ही माकडं डिंक मुख्यतः दुपारनंतर खातात. त्यांनी लावलेला अर्थ सरळ आहे. तामरिनचं पोट डिंकासाठी फारसं बनलेलं नाही. दिवसा अन्न भरभर पुढे सरकतं, डिंकाला आंबायला सवड मिळत नाही. संध्याकाळी खाल्ला तर रात्रभराच्या विश्रांतीत तो आतड्यात थांबतो आणि पचतो. यातून पिंजऱ्यासाठी सूचना निघाली: तामरिनना डिंक द्यायचा तर दुपारनंतर द्या. कितीतरी ठिकाणी तो सकाळी आठच्या खाण्याच्या गाडीवर जायचा, कारण रखवालदाराची पाळी आठला सुरू होते. मला हा लेख फार आवडतो. त्यात नवं रसायन नाही, महागडं उपकरण नाही. फक्त कोण केव्हा खातं ते धीरानं बघितलं आहे.

आणखी एक निरीक्षण इक्वाडोरचं. पामेला येपेस, स्टेला दे ला तोरे आणि चार्ल्स स्नोडन यांनी 2005 मध्ये पिग्मी मार्मोसेटच्या वेगवेगळ्या वस्त्या तपासल्या. प्रत्येक वस्तीची आवडती झाडं वेगळी निघाली, आणि ती तिथे सर्वांत जास्त असलेली झाडं होती असंही नाही. झाड निवडण्यात चालीरीत असावी, पिल्लं थोरल्यांचं बघून शिकत असावीत, असं त्यांनी सुचवलं. पिंजऱ्यात जन्मलेल्या, आई-बापांनीही कधी खोड न कोरलेल्या पिल्लाला हा वारसा कुठून मिळणार? पोटातले जिवाणूसुद्धा त्याला थोरल्यांच्या संगतीतच मिळायचे असतात.

उपाय अवघड नाही आणि तो जुना आहे. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठात विल्यम मॅग्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये ‘कृत्रिम डिंकझाडा’चा लेख लिहिला. लाकडी दांड्याला भोकं पाडायची, त्यांत अरबी डिंक भरायचा आणि दांडा उभा टांगायचा. माकडं दांडा कुरतडायला लागली. आज चांगल्या संग्रहालयांत याचे शंभर प्रकार आहेत. डिंकाची भुकटी कोमट पाण्यात कालवून घट्टसर करायची, ताज्या तोडलेल्या बिनविषारी फांद्यांच्या भोकांत भरायची, काही भोकं मुद्दाम बुजवायची म्हणजे कोरावं लागेल. फांद्या बदलत राहायच्या. फवारलेल्या बागेतली फांदी आणायची नाही. डिंकात मध घालून तो ‘चविष्ट’ करायचा मोह टाळायचा. मधाची सवय लागली की नुसता डिंक तसाच राहतो. ओला डिंक दमट हवेत लवकर आंबतो, तेव्हा रोजचा रोज काढायचा आणि भोकं घासायची. रखवालदारांना हे काम कंटाळवाणं वाटतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. पन्नास पिंजऱ्यांच्या पाळीत भोकं घासायला वेळ कुणी दिला आहे?

ताटलीचं आणखी एक कपट. कागदावर आहार समतोल असतो: इतक्या गोळ्या, इतकी भाजी, इतकं फळ. पण ताटलीत सगळं एकत्र ठेवलं की आधी द्राक्ष जातं, मग केळं, आणि गोळ्या तळाशी. कळपात दांडगाई करणारं जनावर द्राक्षं उचलतं आणि दबलेल्याला काकडी मिळते. काय दिलं याची नोंद असते, कुणी काय खाल्लं याची नसते. इंग्लंडमधल्या पेंटन प्राणिसंग्रहालयात एमी प्लाउमन यांनी माकडांच्या आहाराची उलटतपासणी केली, फळं कमी करत नेली, आणि 2014 च्या सुरुवातीला ‘माकडांची केळी बंद’ ही बातमी जगभर छापून आली. लोकांना ती विनोदी वाटली. बागेतलं केळं हे रानातल्या फळासारखं नसतं, त्यात तंतू कमी आणि साखर जास्त, म्हणून भाजी आणि पाला द्या, इतकाच त्याचा अर्थ होता.

लठ्ठपणा हे तर आता प्रयोगशाळांतलं मोठं दुखणं आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या प्रायमेट संशोधन केंद्रात सुझेट टार्डिफ आणि मायकल पॉवर यांच्या गटाला असं दिसलं की वर्षाची होताना लठ्ठ ठरलेली मार्मोसेटची पिल्लं पहिल्या महिन्यातच इतरांहून चरबीदार होती. म्हणजे ताटली दुरुस्त करायची तर आईच्या दुधापासून सुरुवात करावी लागते. मादीची गोष्टही लक्षात घ्या. ती बहुधा जुळी पिल्लं देते आणि व्यायल्यावर दहा-बारा दिवसांतच पुन्हा गाभण राहू शकते. अंगावर पाजणारी आणि पोटात वाढवणारी अशी एकाच वेळी दुहेरी ओढ. तिला कमी पडलं तर तिची हाडं जातात, जास्त गोड दिलं तर पिल्लं फुगतात. तिथे वजनाचा काटा आणि नोंदवही यांना पर्याय नाही.

आता लोरिसकडे. मार्मोसेटच्या गोष्टीत अज्ञान आहे; लोरिसच्या गोष्टीत क्रौर्यही आहे. लोरिसच्या खालच्या पुढच्या दातांचा फणीसारखा पट्टा असतो. त्यानं ते साल खरवडतं, डिंक काढतं. त्याच्या कोपराजवळच्या ग्रंथीतला स्राव लाळेत मिसळला की चावा विषारी होतो. प्रायमेटमधला, म्हणजे माकडं, लोरिस, लेमूर यांच्या गणातला, विषारी चाव्याचा हा एकमेव गट. म्हणून जावा-सुमात्राच्या बाजारात विकण्याआधी व्यापारी नखं कापायच्या कात्रीनं किंवा पक्कडीनं, भूल न देता, त्याचे दात कापतात. हिरड्यांत पू होतो, कित्येक मरतात. जी जगतात त्यांची फणी गेलेली असते. त्यांना डिंक खाता येतो, पण काढता येत नाही. जप्त केलेलं असं जनावर बरं झालं तरी जंगलात सोडता येत नाही. गुदगुल्या केल्या की हात वर करणाऱ्या लोरिसचा व्हिडिओ आपल्यातल्या अनेकांनी हसत बघितला असेल. हात वर करणं हा त्या ग्रंथीपर्यंत तोंड नेण्याचा, बचावाचा पवित्रा आहे. 2007 साली हेगच्या परिषदेत स्लो लोरिस आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या पहिल्या परिशिष्टात गेलं. इंटरनेटवरचा खप त्यानं थांबला नाही.

पश्चिम जावातल्या सिपागांती या शेतांच्या गावात ॲना नेकॅरिस यांचं पथक 2011 पासून जावा लोरिसवर काम करतं. तिथलं लोरिस शेताच्या बांधावरच्या अकेशियाचा डिंक आणि कॅलिअँड्राच्या फुलांतला मध यांवर जगतं. जंगल नव्हे, बांधावरची झाडं! याच कामातून फ्रान्सिस कबाना यांनी पिंजऱ्यांतल्या आहाराची तपासणी केली. 2015 मध्ये त्यांनी नेकॅरिस यांच्यासह पिग्मी स्लो लोरिसबद्दल दाखवलं की जिथे फळं जास्त आणि डिंक कमी, तिथे दातांचे रोग जास्त. साखर दातांना चिकटते आणि खरवडण्याचं काम नाही म्हणून दात साफही होत नाहीत. ज्या प्राण्याचे दात माणसानं कापलेले नाहीत, त्याचेही दात माणसाच्या फळांनी गेले.

आपल्याकडे स्लो लोरिस आसाम, मेघालय, त्रिपुरा या बाजूला आहे. त्रिपुरातल्या तृष्णा अभयारण्यात झालेल्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिवाळ्यात ते प्रामुख्यानं झाडांच्या पाझरावर जगताना दिसलं. दक्षिणेतली सडपातळ लोरिस, जिला आपण लाजवंती म्हणतो, तिचं वेगळंच आहे: ती जवळजवळ पूर्ण किडेखाऊ. तिच्यासाठी तामिळनाडूनं 2022 मध्ये कडवूर अभयारण्य केलं, देशातलं तिच्यासाठीचं पहिलं. ‘लोरिस’ एवढंच लिहिलेल्या पाटीवरून दोघींना एक आहार देणाऱ्यानं एकीचं नक्की नुकसान केलं. गॅलेगोबद्दल एवढंच सांगतो की दक्षिण आफ्रिकेत थंडीत किडे संपले की ते बाभळीच्या डिंकावर तगतं. सायमन बेअर्डर यांनी हे 1980 च्या सुमारास दाखवून दिलं.

मार्मोसेट आपल्याकडे परदेशी पाळीव प्राणी म्हणून येतं. मुंबई, चेन्नईच्या विमानतळांवर बँकॉककडून आलेल्या सामानात जिवंत विदेशी प्राणी सापडल्याच्या बातम्या आपण वाचतो. कायद्याचं थोडक्यात असं: 2022 च्या दुरुस्तीनं वन्यजीव संरक्षण कायद्यात आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या परिशिष्टांतल्या प्राण्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं आणि 2024 च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंद सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. स्लो लोरिस आणि लाजवंती तर पहिल्या अनुसूचीतले. ते घरी ठेवणं हा सरळ गुन्हा आहे. माझं मत विचाराल तर मार्मोसेटही कुणी घरात ठेवू नये. कळपात राहणारं, दिवसभर खोड कोरणारं जनावर तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटं सुखी होत नाही. पण जे आधीच आलेलं आहे, जप्त होऊन कुठल्या तरी केंद्रात पडलेलं आहे, त्याला खायला तर द्यावं लागेलच. तिथे तत्त्वज्ञान उपयोगाचं नाही.

आणि इथे आपली बाजू उजवी आहे. युरोपातली संग्रहालयं सुदानहून आलेला डिंक किलोच्या भावानं विकत घेतात. आपल्या तालुक्याच्या किराणा दुकानात बाभळीचा डिंक लाडवांसाठी मिळतो. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत डिंक गोळा करणाऱ्यांची परंपरा आहे. दोन गोष्टी मात्र पाळाव्या लागतील. कांडोळाचा डिंक, ज्याला बाजारात कराया म्हणतात, तो पाण्यात विरघळत नाही, कितीतरी पट फुगतो. तो बाभळीच्या डिंकाच्या जागी चालणार नाही. धावड्याचा डिंक खाण्याचा आहे, पण त्याची जडणघडण वेगळी, तेव्हा तो द्यायचा तर थोड्या प्रमाणात, विष्ठा आणि वजन रोज बघून. आणि बाजारातला डिंक माती, साल, कधी रंग मिसळलेला असतो. माणसाच्या खाण्याच्या प्रतीचा, निवडून, दळून घ्यायला हवा.

इथे पशुवैद्यक महाविद्यालयाचे विद्यार्थी बसलेत, वनविभागाचे अधिकारीही आहेत. प्राणिसंग्रहालयांचे आणि उपचार केंद्रांचे वार्षिक खरेदीचे तक्ते तुमच्या टेबलावरून जातात. त्यांत केळी, पपई, दूध, अंडी, पाव यांच्या ओळी असतील. जिथे लोरिस किंवा मार्मोसेट आहे तिथल्या तक्त्यात आणखी एक ओळ घाला: बाभळीचा डिंक, खाण्याचा, स्वच्छ, इतके किलो. आणि त्याच्या शेजारी, भोकं पाडायला एक ड्रिल मशीन आणि ती घासायला एका माणसाचा रोजचा अर्धा तास.